हरिभाऊ आपटे वाचावयाचे, तर आरंभ कोठून करावा?

आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेली मुले पुढे पदवीच्या वर्गात किंवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीत असताना आम्हा मराठी शिकविणाऱ्यांना अधूनमधून काही विचारतात. त्यांतला एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "हरी नारायण आपटे यांचे नाव अभ्यासक्रमात सारखे येते. एखादी कादंबरी वाचावी असे वाटते. पण पुस्तके इतकी आहेत आणि इतकी जाड आहेत की हात घालावयाचा धीर होत नाही. सुरुवात कोठून करू?" आजवर आम्ही याचे उत्तर तोंडी आणि थोडक्यात देत आलो. स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर द्यावे, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना व घरी वाचणाऱ्या पालकांनाही त्याचा उपयोग होईल, अशा विचाराने हा पाठ लिहीत आहोत. या उत्तरात आमची एक चूकही आहे. ती वगळून पाठ पुरा होणार नाही, म्हणून तीही सांगणार आहोत.

लेखकाची ओळख

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला आणि ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी होती. म्हणजे काळाच्या हिशेबाने हरिभाऊ हे व्हिक्टोरिया युगातील कादंबरीकार होत, आणि लेखनाच्या पद्धतीनेही ते त्या युगाचेच आहेत. तिकडे चार्ल्स डिकन्स आपल्या कादंबऱ्या मासिकांतून व साप्ताहिकांतून हप्त्याहप्त्याने छापीत असत, इकडे हरिभाऊंनी तेच केले. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यावर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या लेखनाची छाया आहे. १८९० मध्ये हरिभाऊंनी स्वतःचे 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि पुढील बहुतेक कादंबऱ्या त्यातून वाचकांच्या हाती दिल्या. लोकांचे मन रमवावे आणि रमविता रमविता त्यांना विचार करावयास लावावे, हा त्या पत्राचा हेतू होता.

शाळेत असताना चिपळूणकर, आगरकर, टिळक यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. समाजसुधारणेच्या प्रश्नात त्यांचे मन आगरकरांच्या बाजूला झुकले. पुढे ते पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आणि १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. सामाजिक आणि ऐतिहासिक अशा दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्या सगळ्याच सारख्या उतरलेल्या नाहीत, आणि 'गणपतराव' सारखी काही पुस्तके तर पुरीही झाली नाहीत. म्हणूनच आरंभ कोठून करावा हा प्रश्न रास्त आहे. पहिले पुस्तक चुकले तर वाचक दुसऱ्याकडे वळत नाही.

आमची चूक

आरंभी आम्हीही सर्वसाधारण वाट धरली. तानाजी आणि सिंहगड मुलांच्या ओळखीचे, पुस्तकही तुलनेने लहान, म्हणून 'गड आला पण सिंह गेला' आठवीच्या मुलांना वाचावयास दिले. धीट मुलांना 'उषःकाल' दिले. मुलांनी ती वाचली, काहींना आवडलीही. पण पुढचे पुस्तक मागावयास फारसे कोणी आले नाही. तानाजीची गोष्ट ती पोवाड्यातून ऐकून होती, चित्रपटात पाहून होती. हरिभाऊंकडून नवे असे काय मिळाले, हे त्यांना सांगता येत नव्हते.

दुसऱ्या एका वर्षी आम्ही 'प्रकाशनाच्या क्रमाने वाचावे' असे ठरविले. तोही मार्ग फसला. 'मधली स्थिती' हे तरुण लेखकाचे पहिले पाऊल आहे. अभ्यासकाला त्याचे मोल आहे, पण प्रथमच येणाऱ्या वाचकाने लेखकाच्या उमेदवारीपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. एखाद्या गवयाची ओळख करून द्यावयाची तर त्याची रंगलेली बैठक ऐकवावी. त्याने लहानपणी केलेला रियाज नंतर ऐकला तरी चालतो.

या दोन अनुभवांवरून आम्ही एक कसोटी ठरविली. जे पुस्तक या लेखकावाचून दुसऱ्या कोणी लिहिले नसते, आणि जे आजही आपल्या घरातील एखाद्या प्रश्नाला हात घालते, ते पहिले वाचावे.

आरंभ येथून करावा

या कसोटीला पूर्णपणे उतरणारे पुस्तक एकच आहे, ते म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो?'. १८९० पासून ते 'करमणूक' मधून क्रमशः आले आणि १८९३ पर्यंत पुरे झाले.

यमू नावाची एक ब्राह्मण मुलगी आपली हकीकत स्वतः सांगते. लहानपणचे दिवस, भावाबरोबरचे खेळ, आई, आईचा मृत्यू, वडिलांचे दुसरे लग्न, मग तिचे स्वतःचे लग्न आणि सासर. तिचा नवरा रघुनाथराव शिकणारा, नव्या विचारांचा. तो तिला वाचावयास शिकवितो. पुढे दोघे मुंबईस बिऱ्हाड करतात आणि यमूच्या आयुष्यात थोडे मोकळे दिवस येतात. मग रघुनाथराव मरण पावतो. यमू परत सासरच्या माणसांच्या हाती सापडते, आणि धर्माचे नाव घेऊन घरावर सत्ता गाजविणारे शंकरमामंजी तिचे केशवपन करवितात. यमूची मैत्रीण दुर्गी हिचा नवरा जिवंत आहे, पण त्याच्या जाचाने तिचे आयुष्य यमूपेक्षा वेगळ्या तऱ्हेने करपते. कथानक एवढेच. त्यात राजवाडे नाहीत की तलवारी नाहीत. माजघर, स्वयंपाकघर, ओटी आणि तेथे दबक्या आवाजात चाललेली बोलणी आहेत.

हे पुस्तक पहिले का, याची तीन कारणे आम्ही देतो.

पहिले कारण निवेदनाचे. पंचविशी-तिशीतल्या एका पुरुषाने शिकू पाहणाऱ्या एका मुलीच्या तोंडून सबंध कादंबरी सांगितली. यमू पांडित्य दाखवीत नाही. सांगता सांगता ती थांबते, मागचे आठवते, स्वतःला दोष देते, पुन्हा पुढे जाते. आजऱ्याच्या वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. आपल्या आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' मध्ये कर्ण आणि इतर पात्रे आपापली कथा 'मी' म्हणून सांगतात, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. ते पुस्तक १९६७ चे. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी मराठीत एका घरातली साधी मुलगी 'मी' म्हणून बोलू लागली होती.

दुसरे कारण काळाचे. ही कादंबरी छापली जात असतानाच संमतिवयाचा वाद पेटला होता. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्यामुळे मृत्यू झाला आणि १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेले. एवढ्या सुधारणेलाही पुण्यात मोठा विरोध झाला. 'करमणूक' चा वाचक वर्तमानपत्रात हा वाद वाचीत होता आणि त्याच आठवड्यात यमूचे पुढचे प्रकरण वाचीत होता. वादात मुलीचे वय हा आकडा होता. हरिभाऊंनी त्या आकड्याला आवाज दिला.

तिसरे कारण आपल्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून ते स्वतंत्रपणे मांडतो.

एका घरातले दोन नियम

यमूची गोष्ट 'करमणूक' मधून चालू असताना, १४ एप्रिल १८९१ रोजी, महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. पुढे ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तो निबंध लिहिताना त्यांच्यापुढे ही कादंबरी होती असे आम्हाला म्हणावयाचे नाही. पण ती वाचण्याची किल्ली त्या निबंधात आहे.

बाबासाहेबांचे प्रतिपादन थोडक्यात असे. जात टिकते ती जातीतल्या जातीतच लग्न करण्याच्या नियमाने. हा नियम पाळावयाचा तर जातीत लग्नाजोगे स्त्री-पुरुष सारख्या संख्येने राहिले पाहिजेत. पण नवरा-बायको एकाच वेळी मरत नाहीत. नवरा आधी मेला तर बायको 'जादा' ठरते, आणि ती जातीबाहेर लग्न करील अशी भीती राहते. म्हणून तिला सती पाठवावयाचे, किंवा जन्मभर वैधव्यात डांबून कोणाच्या मनात भरणार नाही अशी करून ठेवावयाचे. बायको आधी मेली तर पुरुष 'जादा' ठरतो. त्याला मात्र जाळीत नाहीत आणि त्याचे डोकेही भादरीत नाहीत. जातीत त्याच्या जोडीची बिनलग्नाची बाई उरलेली नसते, म्हणून लग्नाच्या वयात न आलेली लहान मुलगी त्याला देतात. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जात राखण्याची तीन साधने आहेत. धर्माने त्यांचे कितीही गोडवे गायिले तरी त्यांचे काम हेच.

आता यमूचे घर पाहा. आई मरते तेव्हा वडील पुन्हा लग्न करतात आणि लहान वयाची बायको घरात येते. कोणी काही म्हणत नाही. यमूचा नवरा मरतो तेव्हा तिचे केस उतरवितात. हे दोन्ही प्रसंग एकाच कुटुंबात, एकाच पिढीत घडतात. निबंधातला 'जादा पुरुष' आणि 'जादा स्त्री' येथे बाप आणि लेक होऊन समोर येतात. निबंध वाचून नियम कळतो. त्या नियमाची किंमत कोणी मोजली, हे कादंबरी सांगते. म्हणून दहावीच्या पुढच्या मुलांना आम्ही ही दोन्ही जोडीने वाचावयास सांगतो. आधी कादंबरी, मग निबंध. उलट क्रमाने वाचले तर यमू हे केवळ उदाहरण होऊन बसते.

यात आपण कोठे आहोत?

वाचनाच्या तासाला एका मुलीने आम्हाला सरळ विचारले होते, "सर, या वाड्यात आपली माणसे कोठे आहेत?" प्रश्न खरा होता, आणि त्याला फिरवून उत्तर देणे बरे नव्हते. हरिभाऊंच्या वाड्यात आपली माणसे जवळजवळ नाहीत. पुण्याच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घराच्या भिंती हीच त्यांच्या सामाजिक कादंबरीची सीमा आहे. त्या भिंतीबाहेरचे पुणे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, पण कादंबरीत त्याला क्वचितच जागा मिळते.

भिंतीच्या बाहेरून मात्र कोणी तरी आत पाहत होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच विधवांसाठी. १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषाला एक आणि बाईला दुसरा असा न्याय का, हा प्रश्न उघड विचारला. १८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नाभिक बांधवांना एकत्र केले, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार त्यांनी केला. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीरावांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी 'करमणूक' निघाले. यमूचे केस उतरविणारा हात ज्या जातीचा, त्या जातीची माणसे त्याच सुमारास नकार देण्यास उभी राहिली होती. कादंबरीतून हे दिसत नाही. आपण वाचताना ते जवळ ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी लागते. कष्टकरी जातींमध्ये विधवेचा पाट लावण्याची चाल होती, केशवपन नव्हते. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांचे सुखाचे चालले होते असा अर्थ कोणी काढू नये. त्यांच्या वाट्याचे दुःख वेगळे होते, आणि ते सांगावयास हरिभाऊ आले नाहीत. ते पुढे आपल्याच बायांनी लिहिले. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ चे. महारवाड्यातल्या सासुरवाशिणींचे जे हाल त्यांनी नोंदविले, त्यांत आपल्या समाजातील पुरुषांनाही त्यांनी सोडलेले नाही. बेबीताईंनी पुढे निंबुरे येथे मुलांसाठी आश्रमशाळा चालविली, याची आपल्यासारख्या निवासी शाळेला विशेष आठवण असावी. यमू आणि बेबीताई शेजारी ठेवून वाचल्या की दोघींच्या दुःखाची जात वेगळी दिसते, पण लक्षात न घेणारी माणसे मात्र एकसारखीच आढळतात.

कसे वाचावे

पुस्तक आणताना प्रत संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे पाहून घ्यावे. बाजारात दोन्ही मिळतात. पहिल्या वाचनासाठी संक्षिप्त प्रत घेऊ नये. या कादंबरीचे बळ तिच्या सावकाश चालीत आहे, आणि संक्षेपात नेमके तेच जाते. गावातील वाचकांनी श्रीमंत गंगामाई वाचन मंदिरात चौकशी करावी.

ही कादंबरी आठवड्याला थोडी अशी वाचण्यासाठी लिहिलेली आहे. एका बैठकीत शंभर पाने वाचावयास गेल्यास ती कंटाळवाणी वाटेल. वसतिगृहात आम्ही रात्रीच्या जेवणानंतर एक प्रकरण मोठ्याने वाचतो आणि थांबतो. पुढे काय होईल यावर मुले झोपेपर्यंत बोलत राहतात. घरीही असेच करून पाहावे. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. हरिभाऊंचे गद्य कानाला लवकर उमगते, डोळ्यांना थोडे उशिरा.

काही शब्द आधी सांगून ठेवावेत. 'मामंजी' म्हणजे सासरे, 'वन्सं' म्हणजे नणंद. 'सोवळी' म्हणजे केशवपन केलेली विधवा, आणि तिने नेसावयाचे तांबडे लुगडे ते 'आलवण'. 'माजघर' म्हणजे घराचा मधला भाग, जेथे बायकांचा वावर असे. एवढे माहीत असले की बाकीची भाषा वाचता वाचता उलगडते.

वाचताना पुढील प्रश्न वहीत लिहून ठेवावेत, आणि प्रत्येक प्रश्नाखाली प्रकरणाचा क्रमांक टिपावा. यमूच्या लग्नाविषयी कोणकोण बोलले, आणि तिला कोणी विचारले का? तिला वाचावयास येऊ लागल्यावर घरातल्या कोणाला आनंद झाला आणि कोणाला राग आला? शंकरमामंजी धर्माचे नाव कोणत्या वेळी घेतात, आणि त्या वेळी त्यांचा स्वतःचा कोणता फायदा असतो? कोणाला सगळे कळत होते आणि तरीही ते गप्प राहिले? शेवटच्या प्रश्नाची यादी सर्वांत मोठी होते. कादंबरीचे नाव तेथे समजते.

त्यानंतर

पहिले पुस्तक झाले की पुढचा क्रम असा ठेवावा.

दुसरे पुस्तक 'मी'. हे १८९३ ते १८९५ या काळातले. यात भावानंद नावाचा तरुण आपली कथा सांगतो. बहीण ताई हिच्या लग्नाची झालेली परवड त्याने पाहिली आहे. आपला संसार बाजूला ठेवून तो आयुष्य लोकसेवेला वाहतो. यमूच्या कथेत 'हे असे का?' हा प्रश्न आहे, तर 'मग मी काय करू?' हा प्रश्न येथे आहे. म्हणून ही दोन पुस्तके याच क्रमाने वाचावीत. भावानंदाचा आदर्शवाद आज कोठे कोठे भाबडा वाटेल. पण घर सोडून शाळा-वसतिगृहांना वाहून घेतलेली माणसे आपण जवळून पाहिली आहेत, त्यामुळे तो आपल्याला अगदीच अनोळखी वाटणार नाही.

तिसरे 'उषःकाल', १८९५ ते १८९७ चे. आता ऐतिहासिक कादंबरीकडे यावे. शिवाजी महाराजांच्या उदयाचा हा काळ. रंगराव अप्पा हे किल्लेदार विजापूरशी इमान राखणारे, आणि त्यांचा मुलगा स्वराज्याकडे ओढला जाणारा. सामाजिक कादंबऱ्या आधी वाचल्या असतील तर ध्यानात येते की येथेही हरिभाऊंना लढाईपेक्षा घरातला ताण अधिक कळतो. आमच्या मुलांना ही कादंबरी आधी दिली तेव्हा हेच निसटले होते.

चौथे 'वज्राघात', १९१३ ते १९१५ चे, विजयनगरच्या विनाशाचे. रामराजा आणि मेहेरजान यांची ही शोकांतिका आहे. ही त्यांची प्रौढ वयातील कादंबरी, ती घाईने वाचण्यासारखी नाही. 'चंद्रगुप्त' याच्या आधी किंवा नंतर कधीही वाचावी. सम्राट अशोकाच्या आजोबांची कथा म्हणून आपल्या मुलांना तिचे कुतूहल असतेच.

ज्यांना एवढे जाड पुस्तक एकदम उचलवत नाही, त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. हरिभाऊंची 'काळ तर मोठा कठीण आला!' ही गोष्ट वाचावी. दुष्काळात सापडलेल्या एका गरीब कुटुंबाची ही कथा एका बैठकीत संपते. वाड्याच्या भिंतीबाहेर हरिभाऊंची नजर गेली तेव्हा त्यांना काय दिसले, हे तिच्यात आहे. 'मधली स्थिती' आणि अपुरी राहिलेली पुस्तके यांकडे मात्र हे सगळे झाल्यावर वळावे.

परत आलेली प्रत

आता ती राहिलेली गोष्ट. 'आपली माणसे कोठे आहेत?' असे विचारणारी मुलगी नववीत होती. दिवाळीच्या सुट्टीला जाताना तिने वाचनालयाची प्रत बरोबर नेली. सुट्टी संपली, ती आली नाही. दोन आठवडे आम्ही 'येईल' म्हणून थांबलो. भात-कापणी असेल, घरी आजारपण असेल, अशी कारणे आम्हीच शोधीत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ पुस्तक घेऊन आला. ताईचे लग्न झाले, असे त्याने सांगितले. प्रतीत खुणेसाठी वहीच्या पानाची एक घडी होती. रघुनाथराव यमूला वाचावयास शिकवितो, त्या भागापाशी.

अठरा वर्षांपूर्वी मुलीचे लग्न करणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हाला ठाऊक होते. आपल्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला, हेही आम्ही वर्गात अभिमानाने शिकवीत होतो. सुट्टीच्या आधी ती मुलगी दोनदा आमच्याकडे येऊन काही न बोलता परत गेली होती. आम्ही लक्षात घेतले नाही. शंकरमामंजींवर टीका करणे सोपे आहे. पण त्या शेवटच्या प्रश्नाखालच्या यादीत, कळत असून गप्प राहिलेल्यांत, आमचे नाव लिहावे लागले.

तेव्हापासून लांब सुट्टी लागण्यापूर्वी शिक्षिका प्रत्येक मोठ्या मुलीशी एकटीने बोलतात, आणि सुट्टी संपल्यावर जी आली नाही तिच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणी तरी जाते. त्यामुळे पुढे दोन मुली परत आल्या. पहिली आली नाही. तिला मागच्या वर्षी आम्ही निरोप पाठविला की बाहेरून परीक्षेला बसता येते, पुस्तके आम्ही देऊ. तिचे उत्तर आले आहे. अर्ज भरण्यासाठी काय काय लागते, असे तिने विचारले आहे.

ती प्रत अजून वाचनालयात आहे. घडीची खूण आम्ही काढलेली नाही. सुरुवात कोठून करावी असे जो कोणी विचारील, त्याच्या हाती आम्ही तीच देतो.